घरच्या माणसाची हजेरी

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी काम सांगते, कारण पत्राची पहिली ओळ वाचून बाकीचं तू वहिनीकडे सरकवतोस हे मला ठाऊक आहे. माझं विम्याचं कार्ड पाठवून दे.

फोन का नाही केलास, म्हणशील. सोमवारपासून करतेय. दर वेळी वहिनी उचलते आणि तू आंघोळीला गेलायस म्हणून सांगते. इतक्या आंघोळी करणारा माणूस आपल्या घराण्यात झाला नाही. म्हणून म्हटलं, पत्र तरी कोरडं पोचेल.

तुला माहीतच आहे, कारखान्याचा जिना चढून आले की मी आधी स्टुलावर टेकायचे आणि मग स्पिरिटचा दिवा पेटवायचे. तू म्हणायचास, बेबी, वजन कमी कर. वजनाचं काही निघालं नाही. हृदयाची एक झडप आखडलीय म्हणे, ती बदलायची. फार घाबरण्यासारखं नाही. हल्ली सगळ्यांचंच होतं. डॉक्टर चांगले आहेत, चित्र काढून समजावतात. उन्हाळ्याच्या आत करून टाका म्हणाले. मी विचारलं, आणि नंतर केलं तर? ते म्हणाले, नंतरचं मला विचारू नका. बस, एवढंच.

तर भरतीच्या खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने विचारलं, काम कुठे करता? मी ऐटीत सांगितलं, भावाचा कवळ्यांचा कारखाना आहे, दात मी बसवते. तिने बोटं चालवली. म्हणाली, "मावशी, कारखाना आहे, पण तुमचं नाव येत नाही." मी म्हटलं, बेबी म्हणून नसेल गं, खरं नाव टाक. तिने खरं टाकलं. तेही नाही. मागे ही रांग, आणि सगळे माझ्याकडे बघतायत, जणू मी बिनआमंत्रणाची जेवायला येऊन बसलेय.

अकाउंटवाल्याने एक ओळ गाळली असणार. त्याचं लक्ष कुठे असतं ते तुलाच माहीत. तू तर सगळ्या घरासमोर सांगितलं होतंस, "बेबीचं नाव मी स्वतः टाकलंय. कार्ड माझ्या कपाटात आहे, हिच्याकडे दिलं तर ही हरवेल." सगळे हसले, मीही हसले. त्याच भरवशावर आम्ही आमचा घरचा विमा पुढे चालू ठेवला नाही. हे म्हणत होते, असू दे गं जवळ एक. मीच म्हटलं, एका डोक्याला दोन टोप्या कशाला?

तेव्हा कपाट उघड आणि कार्ड पाठव. आणि हो, माझ्या टेबलावर वरची कवळी मेणात अर्धी आहे. पुढचे दात बसवलेत, दाढा राहिल्यात. नव्या पोरीला हात लावू देऊ नकोस. ती दात पलटणीसारखे सरळ उभे करते. इतके सरळ दात लावले की माणूस हसताना खोटं बोलतोय असं वाटतं.

बेबी


११ फेब्रुवारी

दादा,

हे परवा तुझ्याकडे येऊन गेले, ते मी पाठवलं म्हणून नाही. मला सांगितलंसुद्धा नाही. भाजी आणायला म्हणून गेले आणि हात हलवत परत आले, तेव्हा कळलं.

त्यांना तू चहा पाजलास. पंखा त्यांच्याकडे वळवलास. कार्डाचं विचारलं तेव्हा म्हणालास, "अहो जावईबापू, कार्ड कामगारांचं असतं. बेबी कुठे कामाला होती? ती घरचीच आहे."

यांचा स्वभाव तुला माहीत आहे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून गोड बोलायची सवय. तिथे चहा संपवून उठले. घरी येऊन मला म्हणाले, "तुझा भाऊ तुला घरची म्हणतो." आणि आत जाऊन पाणी प्यायले. मला आधी बरं वाटलं, बघ. किती मूर्ख मी. दुसऱ्यांदा मनात म्हटलं तेव्हा कळलं की काय झालंय.

घरचीच, म्हणजे कोण रे? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मेण वितळवत ठेवायची ती? घाईचं काम आलं की जेवणाचा डबा तसाच परत न्यायची ती? डॉक्टर लोक फोनवर "त्या बाईंनाच द्या" म्हणायचे ती?

दाराजवळ अंगठा लावायचं मशीन बसवलंस तेव्हा मीही अंगठा पुढे केला होता. तू माझा हात धरून खाली घेतलास. म्हणालास, "वेडी का तू? हजेरी नोकरांची असते. घरच्या माणसाची काय हजेरी लावायची?" पॉलिशवाले काका शेजारी उभे होते. मला काय वाटलं सांगू? माझी मान दोन इंच वर गेली. त्या दिवसापासून मी त्या मशीनजवळून अशी जायचे, की माझ्यासाठी ते भिंतीवरचं कॅलेंडर आहे. बाकीचे रांगेत अंगठे टेकतायत आणि मी आपली मालकिणीच्या थाटात आत. पगार त्यांना खिडकीतून, मला तुझ्या शर्टाच्या खिशातून. "घे गं हातखर्चाला." काम बाराही महिने आणि पैसा हातखर्चाचा!

तरी म्हणते, तुझ्या डोक्यात काही वाईट नसेल. मालक झाला की माणसाला दहा व्याप असतात, एक गोष्ट राहून गेली असेल. राहून गेली असेल तर आता कर. पुढच्या महिन्यात नाव टाक, मी कुणाला काही म्हणणार नाही. फक्त "घरचीच" हा शब्द पुन्हा माझ्या नवऱ्यासमोर वापरू नकोस.

बेबी


१५ फेब्रुवारी

तुझा मेहुणा आला होता. वहिनीचा भाऊ. त्याच्या गावाहून इथवर, सफरचंदं घेऊन, माझी चौकशी करायला. तुमच्या घरातून मला बघायला आलेला पहिला माणूस तोच, हे आधी नोंदवून ठेव.

बसला. सफरचंदं स्वतःच धुतली. गुडघा छान वाकवून दाखवला. "ताई, काही घाबरू नका. माझाही गुडघा बदलला ना, एक पैसा लागला नाही. दाजी देवमाणूस. सगळं कारखान्याच्या कार्डावर झालं."

मी म्हटलं, "तुमचं तर रंगाचं दुकान आहे ना?"

"हो तर! पण दाजींनी मला कारखान्यात दाखवलंय ना. दात बसवणारा म्हणून." आणि हसला. "मी! मला ताई, स्वतःच्या तोंडातले दात किती ते विचारलं तर सांगता यायचं नाही."

मीही हसले. काय करणार? सफरचंद हातात होतं.

त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. त्याला वाटतं, माझं कार्ड वेगळं आहे. जाताना वर म्हणाला, "तुमचं तर काय, सख्ख्या बहिणीचं दाजी आधी बघतील."

म्हणजे राहून गेलं नव्हतं तर. जागा होती. दात बसवणाऱ्या माणसाची जागा होती, तिच्यावर नाव घालायचं होतं, आणि तू शाई संपेपर्यंत विचार करून रंगवाल्याचं नाव घातलंस. दात मी बसवले, गुडघा त्याचा बसला.

आणि नंतर घरभर लोकांसमोर मला सांगितलंस, कार्ड माझ्या कपाटात आहे.

दादा, केसानं गळा कापलास रे. सुरीनं कापला असतास तर निदान आरडाओरडा तरी करता आला असता.


२६ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनी आली होती, ते तुला माहीत आहे, तूच पाठवलंस. पण त्याआधी मी काय काय केलं ते ऐक. तुझ्यामुळे मला जगाची बरीच माहिती झाली.

एका विमा एजंटला बोलावलं. गोड मुलगा, टाय लावलेला. म्हणाला, काकू, विमा आजही निघेल, पण आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं. मी म्हटलं, बाळा, तीन वर्षं थांबता आलं असतं तर झडप बदलायची कशाला? त्याने चहा अर्धा ठेवला आणि गेला.

मग सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे डॉक्टर देवासारखे, पण रांग पावसाळ्यापलीकडे जाते. उन्हाळा अलीकडे आहे, हे त्यांनीच सांगितलं. शेजारी एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, मी मागच्या वर्षीच्या रांगेतला. अभिमानाने सांगत होता.

पुन्हा पहिल्या ठिकाणी आलो आणि खर्च उतरवून द्या म्हणून गयावया केली. स्वतंत्र खोली काढली, जनरल वॉर्ड घेतला. यांनी स्कूटर विकली, माझ्या बांगड्या गेल्या. एवढं करूनही जे जमलं त्यात झडपेची पिशवी आली असती, झडप नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते असं.

तिथे एक मदत कक्ष आहे, तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून. त्यात एक बाई बसतात, केस बारीक कापलेले, बोलणं वकिलासारखं. त्यांनी मला आधी रडू दिलं आणि मग विचारलं, "कामाला कुठे होतात?" मी सवयीने म्हटलं, "भावाला मदत करत होते."

"मदत म्हणजे किती वाजता जायचात?"

सांगितलं.

"पैसे मिळायचे?"

"हातखर्चाला."

"दर महिन्याला?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, याला मदत म्हणत नाहीत. याला नोकरी म्हणतात." मग समजावलं. मालकाने कामगाराचं नाव टाकलं नसेल तर कामगार विम्याचा निधी आधी उपचार करतो आणि पैसे मालकाकडून दंडासकट वसूल करतो. फक्त तक्रार करावी लागते, सुनावणी होते. एक मेख आहे. मालकाच्या घरची माणसं प्रेमापोटी हातभार लावत असतील तर ती कामगारात धरत नाहीत. तेव्हा मला कळलं, "घरचीच" हा शब्द तू यांच्या तोंडावर का फेकलास. तू आधीच कुणाला तरी विचारून बसला होतास.

तरीही मी तक्रार केली नव्हती. काल दुपारपर्यंत केली नव्हती, हे नीट लक्षात ठेव. भावाच्या नावाने सरकारात कागद द्यायचा म्हणजे माझा हात उचलवत नव्हता.

मग वहिनी आली. पलंगाच्या कडेला बसली, माझ्या पायावरून हात फिरवला. म्हणाली, यांना झोप नाही हो, सारखं बेबी बेबी करतात. अर्धा खर्च द्यायला तयार आहेत, भाऊ म्हणून. तुम्ही फक्त इथे सही करा. टाइप करून आणलेलं होतं. मी कारखान्यात कधीही कामाला नव्हते, घरची म्हणून हौसेने येत-जात होते.

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "कर सही. जीव राहिला तर मान कमावता येईल." बरोबर बोलले. मी पेन घेतलं. दादा, मी टोपण काढलं होतं.

पण हौसेने! प्लास्टरने बोटांची सालं निघायची, त्या कवळीच्या औषधाच्या वासाने डोकं धरायचं, घरी आले की यांना वास सहन होत नाही म्हणून मी आधी अंगणात बसायचे. हौस? हौस म्हणजे लोक बागेत फिरतात, गाणं शिकतात.

मी वहिनीला विचारलं, "आणि उरलेला अर्धा?"

"त्याचं तुम्ही बघाल ना काहीतरी."

"वहिनी, ते अर्धी झडप बसवत नाहीत."

तिने पायावरचा हात काढून घेतला. "तुम्हाला वाईटच अर्थ काढायचा असेल तर काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. जगाला का दाखवायचं?"

मी म्हटलं, आपल्या धंद्यात दात आपले नसतात, वहिनी. कुणाच्याही तोंडात जातात.

ती उठली, टाइप केलेलं पर्समध्ये परत ठेवलं, नीट घडी घालून. आज सकाळी मी मदत कक्षात जाऊन तक्रार दिली. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

बेबी


९ मार्च

दादा,

नोटीस मिळाली असेलच. कारण तिसऱ्या दिवसापासून मावशा, माम्या, सगळ्या मला फोन करू लागल्या. एरवी कुणी विचारत नाही, जिवंत आहेस का. आता सगळ्यांना एकदम माझ्या माहेराची काळजी. "भावाला कोर्टात खेचलंस?" कोर्ट नाही, कामगार कार्यालय आहे, हे सांगून सांगून माझा श्वास संपला, आणि श्वासाचा तर आधीच तुटवडा. थोरली मावशी म्हणाली, भाऊ म्हणजे बापाच्या जागी. मी म्हटलं, मावशी, बापाने माझ्या जागी रंगवाल्याला बसवलं नसतं. तिला काही कळलं नाही. आणि मी समजावलंही नाही.

ऐक, मेहुण्याचं मी तक्रारीत लिहिलेलं नाही. मदत कक्षातल्या बाई म्हणत होत्या, असं काही असेल तर सांगा. मी नाही म्हटलं. त्यात तुझी फसवणूक उघडी पडते, दंड वेगळा, नाव वेगळं. मला तुझा कारखाना बुडवायचा नाही. मला जिना चढायचाय. एवढं माझ्याकडून तुला घे. भाऊ म्हणून घे हवं तर.

पॉलिशवाले काका येऊन गेले. दारातच उभे राहिले, आत येईनात. मी म्हटलं, काका, सुनावणीला येता का? मी रोज कामाला होते एवढंच सांगायचं. त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "पोरी, माझी निवृत्ती जवळ आलीय." मी म्हटलं, बरं. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांनी जाताना सांगितलं की माझ्या टेबलावर आता खोकी ठेवलीत. ती अर्धी कवळी नव्या पोरीने पुरी केली आणि डॉक्टरांनी परत पाठवली.

मला आनंद झाला. असा आनंद होणं वाईट आहे, पण झाला.

आता दोन उशांवर झोपते. आडवं झालं की दम लागतो. हे पंखा हातात घेऊन बसतात, वीज असली तरी. सुनावणी अठराला आहे. त्याआधी तू नुसता येऊन "बेबी, चुकलं" म्हणालास, तरी मी ती तक्रार मागे घेईन की काय, अशी मला स्वतःचीच धास्ती वाटते. यांनाही वाटते. म्हणून ते दार लावून घेतात.

तू आला नाहीस अजून.

बेबी


१९ मार्च

काल तुला पाहिलं, किती दिवसांनी. बारीक झालायस. इस्त्रीचा शर्ट घातला होतास, कॉलर मोठी होत होती. ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. यांनी पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. मी प्रत्येक वळणावर बसत बसत वर आले. तू वरून कठड्याशी उभा राहून बघत होतास. खाली यायला निघालास, एक पायरी उतरलास, आणि तुझ्या वकिलाने तुझी बाही धरली. तो नसता तर तू आला असतास. एवढं मी अजून मानते.

आत काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू तुझ्या बाजूने पाहिलंस.

साहेबांना सर्दी झाली होती, रुमाल नाकाशीच. त्यांनी तुला विचारलं, ही बाई काम करत होती हे तुम्हाला मान्य आहे का? मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू म्हणालास, "मान्य म्हणजे काय साहेब! तिच्यासारखे दात बसवणारा माणूस या शहरात नाही. कवळी लावलेला माणूस स्वतः विसरतो की दात त्याचे नाहीत." दादा, त्या खुर्चीवर बसून, छातीत धडधड चालू असताना, माझा चेहरा फुलला. मेलं माझं मन. इतकी वर्षं हे एक वाक्य ऐकायला मी तो जिना चढत होते.

मग तू म्हणालास, "पण ती प्रेमाने यायची. सख्खी धाकटी बहीण आहे माझी. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती. वेणी मी घालून द्यायचो हिची, शाळेत." आणि तुला रडू आलं. चष्मा काढलास. साहेबांनी पेन खाली ठेवलं. कोपऱ्यातली टायपिस्ट माझ्याकडे अशी बघायला लागली, की असला भाऊ मिळूनही ही बया इथवर आली कशी.

आणि मला माहीत आहे, ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी सुटले असते. तू वेणी घालायचास, वेडीवाकडी, पण घालायचास. तू खरंच रडत होतास आणि त्याच वेळी पैसेही वाचवत होतास. दोन्ही एकाच चेहऱ्याने. मला बहीण म्हणून सगळ्यांसमोर छातीशी धरत होतास, कारण बहीण ठरले की मी मेले तरी तुला दंड नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, एकच सांगा. तुम्ही तिथे बहीण म्हणून जात होतात की कामाला?"

तू मान हलवलीस. "सांग ना बेबी," म्हणालास. हळू. लहानपणी पाढे चुकले की म्हणायचास तसं.

मी म्हटलं, "कामाला."

"मग हे तुमचे कोण?"

"मालक."

"ते तर सख्खे भाऊ म्हणतायत."

"घरी असतील, साहेब. कारखान्यात भाऊ नव्हते. असते, तर माझ्या कामावर मेहुण्याचं नाव घातलं नसतं."

देवाशपथ सांगते, ते मी ठरवून बोलले नाही. मी तुला लिहिलं होतं, बोलणार नाही म्हणून, आणि बोलायचं नव्हतंच. तोंडातून गेलं. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि विचारलं, "कोणता मेहुणा?" तू चष्मा परत घातलास. त्यानंतर तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुझा वकील मात्र पाहत होता, आणि त्याच्या नजरेत मला पहिल्यांदा थोडा मान दिसला.

निकाल साहेबांनी तिथेच सांगितला, तूही ऐकलास. मी कामगार ठरले. निधी खर्च करणार, तुझ्याकडून घेणार. गुडघ्याचंही तुला भरावं लागेल म्हणतात, आणि पुढे काय काय ते मी विचारलं नाही. खाली उतरताना सोबत आलेल्या मदत कक्षातल्या बाईंनी माझा हात दाबला. जिंकलात, म्हणाल्या. मी म्हटलं, हो. उतरताना दम कमी लागतो, एवढंच मला जाणवलं.

यायच्या बुधवारी सकाळी ऑपरेशन आहे. झडप चांगल्यातली घालणार आहेत. डॉक्टर पुन्हा चित्र काढून गेले. यांनी विचारलं, तुझ्या दादाला कळवू का? मी म्हटलं, नको. आणि मग हे लिहायला बसले, तेव्हा यांनी दिवा जवळ सरकवला.

तू येऊ नकोस. बाहेरच्या बाकावर बसून राहशील, डोळे लाल करशील, आणि मला पुन्हा दया येईल. मला आता ते परवडणारं नाही.

फक्त एका गोष्टीची भीती आहे. भूल उतरताना माणूस काय बोलेल त्याचा नेम नसतो, असं नर्स सांगत होती. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणे तासभर शाळेच्या मैत्रिणीला हाका मारत होती. मी कुणाला हाका मारेन ते मला आत्ताच माहीत आहे. यांना सांगून ठेवलंय, मी कितीही दादा दादा केलं, तरी तुला बोलवायचं नाही.